पाळणाघराच्या सुट्ट्या: येळवस, महालक्ष्म्या आणि मे महिना आधीच लिहून ठेवा

येळवशीला लातुरात सकाळचे आठ म्हणजे उशीरच. त्या वर्षी आमच्या दारात टेम्पो लागला होता. आंबिलाचा माठ, भज्जीचं पातेलं, उंडे बांधलेलं फडकं, सासूबाई, दोघी नणंदा, सगळं चढवून झालं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी स्कूटी वळली. एका दवाखान्यात नर्स असलेली आई, गणवेशावर स्वेटर, पुढे उभी दीड वर्षाची लेक. "मावशी, कुठं निघालात?"

ती वाशिमकडची, दोघं नवरा-बायको नोकरीपायी इथं आलेले. येळवस काय असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि मला ते सांगायची गरज वाटली नव्हती. त्या दिवशी इथं अख्खं गाव शेतात पूजेला आणि जेवायला जातं, रस्ते ओस पडतात, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. दवाखान्याला मात्र नसते.

लेकराला आम्ही शेतात नेलं. कडब्याच्या कोपीत ते दोन तास गाढ झोपलं, आंबील पिऊन पांढऱ्या मिशा काढल्या. पण शेतात रेंज नव्हती. संध्याकाळी डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा फोनवर आईचे चौदा मिस्ड कॉल एकदम आले. काही झालं नाही हे नशीब. शेतातच होतो, विंचू-काट्याचं काही झालं असतं तर मी काय सांगणार होते?

घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या आपल्यातल्या बहुतेक जणी सुट्टीचा विषय त्या-त्या दिवशी, दारात उभ्या-उभ्या मिटवतात. मग महिनाअखेरी पैशाची कुरबुर होते. मी आता वर्षाचं सगळं आधी कागदावर घेते. ते कसं, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम: पालकांची वही

सुट्ट्या ठरवायच्या आधी एका वहीत प्रत्येक लेकरामागे आई-बाप काय करतात, त्यांना सुट्टी कधी असते आणि कधी अजिबात नसते, हे लिहा. माझ्याकडे सहा लेकरं आहेत. तिघांच्या आया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एक नर्स, एकीचे आई-वडील दोघंही क्लासमध्ये शिकवतात, एक बँकेत.

वही भरली की गमती दिसायला लागतात. सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पण जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला शनिवारी सकाळची शाळा असतेच. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, पहिला आणि तिसरा नाही. आपण सरसकट "शनिवार बंद" म्हणून टाकलं तर कोण अडकतं ते या वहीतूनच कळतं. मी शनिवार दुपारी दोनपर्यंत ठेवला.

झेंडावंदनाचे दिवस तर हमखास फसवतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे आणि आपल्याकडचा १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कॅलेंडरवर लाल अक्षर बघून आपण मोकळे होतो, पण शिक्षिकेला सकाळी सातला शाळेत उभं राहावं लागतं. हे चार दिवस मी सकाळी साडेसहा ते दहा उघडते आणि यादीत तसं लिहिते. साडेतीन तासांचं काम आहे, पण त्याबदल्यात शिक्षिका मंडळी माझ्या बाकी सुट्ट्यांबद्दल एक शब्द काढत नाहीत. निवडणुकीच्या वर्षी त्यांची रविवारी ट्रेनिंगं लागतात. त्याची सोय करायची असेल तर दिवसाचे वेगळे पैसे आताच ठरवून ठेवा.

वर्ष जूनपासून धरा

लेकरं जूनमध्ये येतात, फी जूनमध्ये वाढते, म्हणून सुट्ट्यांचं वर्षही जून ते मे धरा. याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. येळवस मार्गशीर्ष अमावास्येला येते, म्हणजे कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत. २०२४ मध्ये ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला; त्याच्या आधीच्या २०२३ मध्ये एकदाही नव्हती. जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब धरला असता तर एका पालकाने नक्की विचारलं असतं, "मावशी, औंदा येळवशीच्या दोन सुट्ट्या कशा?" जून-मे धरलं की एका वर्षाला एकच येते.

अडचण एवढीच की मे महिन्यात आपल्या हातात डिसेंबरपर्यंतचंच कॅलेंडर असतं. म्हणून मी यादी दोनदा देते. जून ते डिसेंबरची मे महिन्यात, आणि जानेवारी ते मेची दिवाळीच्या सुट्टीआधी, नवं कॅलेंडर बाजारात आलं की. गेल्या वर्षीच्या तारखा उतरवून काढू नका. अधिक महिना आला की पुढचे सण दोन-तीन आठवडे पुढे सरकतात.

माझी सणांची यादी अशी: गणेश चतुर्थी १, महालक्ष्म्या २, दसरा १, दिवाळी ५, येळवस १, संक्रांत १, रमजान ईद १, धुळवड १, गुढीपाडवा १, १४ एप्रिल १. एकूण १५ दिवस. ईद चंद्रावर आहे, तेव्हा "एक दिवस पुढे-मागे" असं त्या ओळीतच लिहा. सण रविवारी आला तर बदली सुट्टी नाही, हेही लिहा. ही सूट आपण पालकांना देतोय, ती त्यांना दिसू द्या.

महालक्ष्म्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण मी स्वतः तीन वर्षं चुकले. मी फक्त पूजनाच्या दिवशी बंद ठेवायचे. पण ज्या घरात महालक्ष्म्या बसतात तिथं आवाहनाच्या दिवशी दुपारपासून मखर, मुखवटे, साड्या, धान्याच्या राशी, फराळाचे डबे हे सगळं बाहेरच्या खोलीत येतं. त्याच खोलीत माझी लेकरं असतात. तिसऱ्या वर्षी एका पोराने कोठीतल्या गव्हात दोन्ही हात घातले आणि मुखवट्याची नथ ओढली. सासूबाईंचा चेहरा अजून आठवतो. आता आवाहनाला दुपारी बारापर्यंत, पूजन आणि विसर्जन बंद. तुमच्या घरात ज्या सणाचं काम पडतं त्याच्या आदल्या दिवसाचाही विचार करा. बंद कधी ठेवायचं हे सरकारी सुट्टीपेक्षा तुमच्या चुलीवर जास्त अवलंबून असतं.

या १५ दिवसांखेरीज मी १० दिवस स्वतःची रजा ठेवते आणि ६ दिवस आजारपणाचे. लग्नसराई, सोयाबीनची रास, माहेरची ओटभरणी हे सगळं त्या दहांत बसवायचं. आठ दिवस मे महिन्यात सलग, दोन हातात राखून. हातातल्या दोन दिवसांची सूचना पंधरा दिवस आधी द्यायची, हा नियम मी माझ्यावरच घातला आहे.

पैसे: ही वजाबाकी एकदा समोर मांडा

एका दिवाळीनंतर एका वडिलांनी फोनपेवर ३,५०० ऐवजी २,८२५ पाठवले. खाली लिहिलं होतं, "५ दिवस वजा". साडेतीन हजाराला २६ दिवसांनी भागून, १३५ रुपये रोज धरून, पाचाने गुणून ६७५ कापले होते. गणित बरोबर होतं आणि मी आधी काहीच सांगितलेलं नसल्यामुळे मला बोलायला जागाही नव्हती.

मग मी माझं गणित केलं. ३६५ दिवसांतून ५२ रविवार, १५ सण, १० रजा, ६ आजारपण असे ८३ गेले. राहिले २८२. महिन्याला ३,५०० म्हणजे वर्षाला ४२,०००. भागाकार केला तर दिवसाला साधारण १४९ रुपये. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा लेकरू सांभाळायचे. रविवार सोडून उरलेल्या त्या ३१ सुट्ट्यांचे पैसे प्रत्येकाने त्या वडिलांसारखे कापले असते तर एका लेकरामागे चार हजारांवर आणि सहा लेकरांचे मिळून २५,००० रुपये गेले असते. म्हणजे माझी सात-आठ महिन्यांची दूध, भाजी, गॅस.

म्हणून फी वर्षाची सांगा आणि बारा हप्त्यांत घ्या. "महिन्याला साडेतीन हजार" असं म्हटलं की पालक दिवस मोजतो. "वर्षाचे बेचाळीस हजार, बारा सारखे हप्ते, त्यात २८२ दिवस सांभाळ" असं म्हटलं की सुट्ट्या त्या आकड्यातच आल्या. तुमची फी वेगळी असेल, गावात अडीच हजार असेल, संभाजीनगरात सहा असेल. आकडे बदला, पद्धत हीच.

माझे सुट्टीचे दिवस ३१ च्या वर गेले तर मी प्रत्येक जादा दिवसाचे १५० रुपये पुढच्या हप्त्यातून कमी करते. हे स्वतःहून करा, मागायची वाट पाहू नका. एका वर्षी डेंग्यूने मी नऊ दिवस आडवी होते, तीन दिवस जास्त झाले, तेव्हा प्रत्येकाचे ४५० परत केले. त्यानंतर माझ्या यादीवर कुणी हिशेब विचारलेला नाही.

मे महिना

आपल्याकडे खरी ओढाताण इथंच आहे. शिक्षिका १ मेला निकाल वाटून मोकळ्या होतात आणि जूनच्या मध्यापर्यंत लेकरू घरी ठेवतात. त्यांना वाटतं, पाठवत नाही तर पैसे कशाचे? दुसरीकडे लातूरच्या क्लासवाल्यांचा एप्रिल म्हणजे रात्रीचा दिवस. नीटची परीक्षा मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास असते, तोपर्यंत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. नर्सला तर उन्हाळ्यात सुट्टी मिळणं आणखी अवघड.

तीन शिक्षिकांचे दीड महिन्याचे पैसे सोडले तर माझे १५,७५० जातात. आणि घरभाडं, मदतनीसीचा पगार चालूच असतो, कूलरचं बिल तर मेमध्ये वाढतंच. मी तीन प्रकार करून पाहिले.

पहिल्या वर्षी पूर्ण माफ केलं. जूनमध्ये दोन लेकरं आलीच नाहीत, दुसरीकडे गेली, आणि मी त्यांच्यासाठी जागा राखून मेमध्ये आलेल्या एकीला नाही म्हटलं होतं. दुसऱ्या वर्षी ४२,००० चे अकरा हप्ते केले, महिन्याला ३,८२०, मे फुकट. कागदावर सुंदर. पण मार्चमध्ये नवीन आलेल्या लेकराचं काय, डिसेंबरात सोडून गेलेल्याला जास्तीचे किती परत द्यायचे, यात माझं डोकं फिरलं. तिसऱ्या वर्षापासून अर्धा हप्ता: लेकरू पूर्ण मे येणार नसेल तर १,७५०, जागा राखल्याचे. एक दिवसही आलं तर पूर्ण हप्ता. जूनचा हप्ता मात्र पूर्ण, शाळा पंधरा तारखेला उघडो की सोळाला. मला हाच प्रकार पटला.

याला दोन खिळे मारून ठेवा. एक, सोडायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं, म्हणजे मेपासून नको असेल तर १ एप्रिलला. दोन, प्रवेशाच्या वेळी एका हप्त्याएवढी अनामत घ्या, न सांगता सोडलं तर ती परत नाही.

माझी स्वतःची आठ दिवसांची सलग रजा मी नीटची परीक्षा होऊन गेल्यावर, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठेवते. तेव्हा क्लासवाल्यांनाही उसंत असते. नर्सला तारखा जानेवारीतच देते, तिला ड्युटी लावून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

अचानक बंद करावं लागलं तर

ठरलेली सुट्टी असेल तर सोय पालकांनी करायची. अचानकची असेल तर सोय मी करायची. एवढा एकच फरक लिहून ठेवला की अर्धी भांडणं मिटतात.

माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून आणखी एक बाई पाळणाघर चालवतात. आमचा करार आहे: मी आजारी पडले तर माझी दोन लेकरं त्या घेतात, त्या पडल्या तर त्यांची दोन मी. लेकरामागे रोजचे १५० रुपये ज्याची अडचण त्याने द्यायचे, पालकांकडून वेगळे घ्यायचे नाहीत, कारण त्यांनी हप्ता भरलेला आहे. दोनच का, तर स्वतःची सांभाळून त्याहून जास्त लेकरं एका बाईला झेपत नाहीत. कोणती दोन, हे आधीच ठरलेलं: ज्यांच्या आईला त्या दिवशी रजा मिळणं अशक्य. पालकांना ते घर आधी दाखवून आणा, लेकराला दोन-तीनदा खेळायला नेऊन आणा. ओळख नसलेल्या घरी लेकरू दिवसभर रडतं आणि मग त्या बाईही पुढच्या वेळी नको म्हणतात.

सहा-सात महिन्यांच्या बाळांना मी तिकडे पाठवत नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपवून आई कामावर येते तेव्हा बाळ जेमतेम तेवढंच असतं, आणि त्याला एकच हात ओळखीचा झालेला असतो. अशा आईला मी पहिल्याच दिवशी सांगते, "ताई, पहिल्या वर्षात तुमच्या चार-पाच रजा माझ्यासाठी शिल्लक ठेवा."

सुतकाचं कुणी लिहीत नाही, पण लिहायला हवं. घरात कुणी गेलं तर तेरा दिवस माणसांची रीघ असते, लेकरं सांभाळणं शक्य नसतं. माझा नियम: पहिले तीन दिवस सुट्टीत धरायचे, चौथ्यापासून तेराव्यापर्यंतचे पैसे नाहीत. काही पालक स्वतःच सुतकातल्या घरी लेकरू पाठवत नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नका.

पाण्याचंही एक कलम आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. सहा लेकरांचे हात-पाय, लंगोट, भांडी यांना पाणी नसेल तर पाळणाघर उघडं ठेवणं हा घाणेरडेपणा होतो. टँकर आला नाही तर दुपारी बारापर्यंत, एवढंच लिहिलंय. २०२० च्या टाळेबंदीत मात्र माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन पालकांनी अर्धे दिले, बाकीच्यांनी फोन उचलणं बंद केलं. आता ओळ आहे: सरकारी आदेशाने बंद असेल तर पहिला महिना अर्धा हप्ता, पुढे काही नाही.

लेकरू आजारी असेल तेव्हा

ही लेकराची रजा. हप्ता कापायचा नाही, फक्त सलग पंधरा दिवसांच्या वर दवाखान्यात असेल तर त्या महिन्याचा अर्धा. आणायचं कधी नाही, तेही लिहा. ताप १००.४ च्या वर असेल तर नाही, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच यायचं. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास. कांजिण्यांचे सगळे फोड खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाच्या फोडांचंही तसंच. डोळे आले असतील तर चिपडं थांबेपर्यंत. गोवराची शंका असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय नाही.

सकाळी औषध पाजून, ताप उतरवून आणून सोडणारे पालक असतात. अकरा वाजता औषधाचा असर उतरतो आणि लेकरू तापायला लागतं. मी आता दारातच कपाळाला हात लावते आणि औषधाची वेळ विचारते. लाज वाटते, तरी विचारा.

मदतनीस

तिलाही ह्याच ३१ दिवसांचा पगार द्या. आपण पालकांकडून सुट्टीचे पैसे घ्यायचे आणि तिचे कापायचे, हे बरं दिसत नाही.

कागद

एक पान पुरे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टँपपेपर चालत नाही, पाचशेचा लागतो, पण एवढ्यासाठी स्टँप कशाला? साध्या कागदावर दोन प्रती, आई आणि वडील दोघांच्या सह्या. दोघांच्या म्हणते, कारण आई हो म्हणते आणि पैसे वडील पाठवतात. माझ्या पानावरची सुरुवात अशी आहे:

"वार्षिक फी ४२,००० रुपये, बारा समान हप्ते, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. रविवार सोडून वर्षात ३१ दिवस पाळणाघर बंद राहील, त्यांचे पैसे फीमध्ये धरलेले आहेत, वजा होणार नाहीत. ३१ च्या वर बंद राहिल्यास दर दिवसाचे १५० रुपये परत. सोबत सणांची यादी."

सणांची यादी मागच्या बाजूला. तिसरी प्रत दाराच्या आत, चपलांच्या वर चिकटवलेली. लेकराला बूट घालताना पालकांची नजर तिथं जातेच.

सुट्टीच्या आठ दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी ग्रुपवर निरोप टाका. लांबलचक शुभेच्छा, दिव्यांची चित्रं नकोत, तारीख त्यात हरवते. "उद्या मंगळवारी महालक्ष्मी आवाहन, पाळणाघर दुपारी १२ पर्यंत. बुध-गुरू बंद. शुक्रवारी नेहमीप्रमाणे." एवढंच. अंगठा न दाखवणाऱ्याला रात्री आठला फोन करा.

एखादे पालक म्हणतील, "पण मावशी, आम्ही तर लेकरू पाठवलंच नाही." तेव्हा कागद पुढे करून शांतपणे सांगा, "दादा, तुमच्या लेकराची जागा मी त्या दिवशीही दुसऱ्याला दिलेली नाही." तरी कापून पाठवलेच, तर त्याच दिवशी उरलेल्या रकमेचा निरोप टाका, महिनाभर मनात ठेवू नका. दुसऱ्यांदा तसंच झालं तर अनामतीतून वळवून पाळणाघर सोडायची महिन्याची सूचना द्या. त्या २,८२५ वाल्या वडिलांना मी ही सूचना दिली नाही, चूक माझी होती. पुढच्या जूनमध्ये त्यांनी सही केली, आणि दर दिवाळीला पूर्ण हप्ता एक तारखेलाच येतो.